सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा संसार

देवालयाचा जीर्णोद्धार पूर्ण झाला की येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर प्रथम कळसाकडे जाते. पाया कोणी घातला हे विचारणारे थोडे. थोर पुरुषांच्या चरित्रांचेही तसेच होते. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आज गावोगावच्या चौकात, शाळेत व कचेरीत आहे. परंतु ज्यांच्या पेन्शनवर, ज्यांनी काढलेल्या कर्जावर आणि ज्यांच्या पहाटेच्या हाकेवर हा मुलगा शिकला, ते सुभेदार रामजी मालोजी सकपाळ बहुतेकांना एका ओळीपुरतेच ठाऊक असतात. 'वडील लष्करात होते', एवढीच ती ओळ. त्या ओळीमागील हकीकत देवळाच्या स्मरणिकेत देण्यास कारण आहे. रामजी सुभेदार हे निष्ठावंत भक्त होते, आणि त्यांच्या हयातीत बहुतेक देवळांचे उंबरठे त्यांना बंद होते.

सकपाळ घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याच्या आंबडवे गावचे. जात महार. गावदेवीच्या पालखीचा मान या घराण्याकडे होता, असे बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. पालखीचा मान घराण्याकडे, आणि रूढीप्रमाणे गावात वावरताना मात्र सावली पडणार नाही एवढे अंतर राखायचे, असा तो उफराटा काळ होता. रामजींचे वडील मालोजी हे फौजेतून निवृत्त झालेले शिपाई. मालोजींच्या अपत्यांपैकी रामजी आणि त्यांची थोरली बहीण मीराबाई ही दोन जगली. या मीराबाई आत्या पुढे या संसारात फार मोलाच्या ठरल्या.

कोकणातील महार समाजात पलटणीत जाण्याची परंपरा जुनी होती. गावकीच्या कामातून सुटका, अंगावर सरकारी कपडा आणि हाती रोख पगार, हे सर्व तेथे एकदम मिळे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा-कोरेगाव येथे झालेल्या लढाईच्या स्तंभावर कंपनी सरकारने जी नावे कोरली, त्यांत 'नाक' या अक्षरांनी संपणारी २२ नावे आहेत. ती महार शिपायांची होत. पराक्रमाच्या गोष्टी पुष्कळ सांगता येतील. पण पलटणीने या समाजाला दिलेली सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे अक्षर. गावच्या शाळेत ज्यांच्या पोरांना पडवीतही बसू देत नसत, त्यांच्याच मुलांना आणि मुलींनासुद्धा छावणीतील शाळेत बसावेच लागे. तेथे शिक्षण सक्तीचे होते. बंदुकीबरोबर पाटीही मिळाली म्हणावयास हरकत नाही.

रामजी या पाटीचे धनी झाले. पुण्याच्या नॉर्मल स्कुलात त्यांनी शिक्षकी शिक्षण घेतले आणि ते लष्करी शाळेत मास्तर झाले. पुढे हेडमास्तर म्हणून त्यांनी सुमारे चौदा वर्षे काम केले व सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले. मराठी उत्तम, इंग्रजी कामापुरते नव्हे तर चांगले. क्रिकेट व फुटबॉल या खेळांची आवड. महात्मा जोतीराव फुले यांच्याविषयी मनात आदर. त्यांची तलवार गाजल्याची एकही कथा चरित्रकारांनी दिलेली नाही आणि तशी शोधण्याचेही कारण नाही. ते मास्तर होते. फौजेतले मास्तर, एवढेच.

त्यांचा विवाह भीमाबाईंशी झाला. भीमाबाई मुरबाडकर घराण्यातील. त्यांचे वडील आणि सहाही चुलते फौजेत सुभेदार-मेजर होते असे सांगतात, म्हणजे माहेरही छावणीचेच. या जोडप्याला चौदा अपत्ये झाली. त्यांतील पुष्कळशी लहानपणीच गेली. बाळाराम, आनंदराव व भीमराव हे मुलगे आणि मंजुळा व तुळसा या मुली एवढी मागे राहिली. शेवटचे, चौदावे अपत्य भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य प्रदेशातील महू या लष्करी ठाण्यात जन्मले. त्या गावाला आता डॉ. आंबेडकर नगर असे नाव आहे.

मुलगा दोनेक वर्षांचा असताना रामजी सुभेदार निवृत्त झाले. पेन्शन दरमहा ५० रुपये. त्या वेळी ही रक्कम अगदीच क्षुल्लक नव्हती, पण खाणारी तोंडे, शिकणारी मुले आणि फिरते बिऱ्हाड यांचा हिशेब मांडला तर शिल्लक काही राहात नसावी. ज्या पलटणीने ही पेन्शन दिली, तिनेच त्याच सुमारास दार लावून घेतले. अमक्या जाती लढवय्या आणि तमक्या नव्हेत असे ठरवून सरकारने महारांची भरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या घरांतील तरण्या पोरांना पुन्हा गावकीकडे वळण्याची पाळी आली. नुकसान केवळ पगाराचे नव्हते. भरतीबरोबर छावणीची शाळाही गेली. रामजी सुभेदार गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे जाऊन त्यांनी भरतीबंदीविरुद्ध सरकारला द्यावयाच्या अर्जाचा मसुदा तयार करवून घेतला, असे कीर लिहितात. दापोलीचे दुसरे एक निवृत्त लष्करी गृहस्थ गोपाळबाबा वलंगकर यांनीही १८९४ च्या सुमारास असाच अर्ज केला होता. अर्जांचा तेव्हा उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची एक पलटण उभारली गेली, तीही १९२१ साली मोडण्यात आली. महार रेजिमेंट म्हणून कायमची पलटण उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी, आणि तिच्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत रामजींचे चिरंजीव आघाडीवर होते. बापाच्या अर्जाचा निकाल लागण्यास जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीस राहिले. त्या कॅम्पात पेन्शनर लष्करी मंडळींची वस्ती होती. नंतर रामजींना साताऱ्यास सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली व बिऱ्हाड साताऱ्यास आले. तेथे थोड्याच दिवसांत भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे. साताऱ्यात भीमाबाईंची समाधी आहे. मीराबाई आत्यांनी मुलांना पोटाशी धरले. त्यांची उंची खुजी, पाय अधू, आधाराशिवाय चालणे अवघड. पण माया अपार.

साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एक नाव दाखल झाले. अनुक्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर. तीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि हा दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरातील त्या एका ओळीसाठी काय काय करावे लागले असेल, हे दप्तर सांभाळणाऱ्या कोणालाही कळेल. शाळेत मुलगा दाखल झाला तरी घरून नेलेल्या तरटावर वेगळा बसे. तहान लागली तर पाणी वरून ओतणारा शिपाई असला तरच पाणी मिळे. गावचा न्हावी केस कापीत नसे, म्हणून बहीण घरीच भावाचे केस कापी.

अशा परिस्थितीत रामजी सुभेदारांनी घर चालविले ते फौजेच्या शिस्तीने आणि वारकऱ्याच्या भक्तीने. ते कबीरपंथी होते. मद्य वर्ज्य, मांस वर्ज्य. संध्याकाळी दिवेलागणीला सर्व मुलांनी हजर राहायचे, ही हजेरी पलटणीच्या हजेरीइतकीच कडक. मग भजन होई. कबीराचे दोहे, तुकोबांचे अभंग, मुक्तेश्वर व मोरोपंत यांच्या रचना. भजन चुकविले तर जेवताना वडिलांचा चेहरा पाहण्याची सोय नसे. भजनाबरोबर अभ्यासही तेच घेत. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके पाठ करविणे आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून मराठीचे इंग्रजी करविणे हा नित्यक्रम. मुलाला शब्द कोठे व कसा वापरावा हे कळावे म्हणून एवढी मेहनत घेणारा बाप त्या काळी उंच म्हटल्या जाणाऱ्या घरांतही सहज सापडत नसे.

रामायण व महाभारत हे ग्रंथ ते मुलांकडून वाचून घेत. ज्या ग्रंथांच्या नावाने आपल्याला खालचे ठरविले जाते, तेच आपण का वाचावेत, असा सवाल भीमरावांनी एकदा वडिलांना केला. सुभेदारांनी रागावून गप्प केले नाही. त्यांनी जे सांगितले ते बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस, १९५६ साली लिहून ठेवले आहे. त्याचा आशय असा की, आपण अस्पृश्य असल्यामुळे मुलांच्या मनात कमीपणाची भावना येऊन बसते, ती जावी म्हणून हे वाचायचे. द्रोण आणि कर्ण ही साध्या स्थितीतून केवढ्या उंचीवर गेलेली माणसे पाहा, आणि रामायण लिहिणारा वाल्मीकी तर कोळी होता. मुलाचे त्या उत्तराने समाधान झाले नाही. त्याला त्या थोर पात्रांच्या वागणुकीबद्दलही पुढे शंका राहिल्या. पण प्रश्न विचारणारा मुलगा त्या घरात वाढू शकला, ही गोष्ट उत्तराहून मोठी म्हणावी लागेल.

दरम्यान दुष्काळ पडला. खटाव तालुक्यात सरकारने दुष्काळी कामावर तलाव खणविला. त्या कामावर रोखपालाची जागा मिळाल्याने रामजी कोरेगाव येथे राहावयास गेले. घरी साताऱ्यास आत्या, भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि दिवंगत बहिणीची दोन मुले. आत्यांना चूल सांभाळणे होईना म्हणून मुलेच शाळा करून स्वयंपाक करीत. सोपा म्हणून बहुधा पुलाव. १९०१ च्या उन्हाळी सुट्टीत वडिलांनी मुलांना भेटीस बोलावले. केवढा आनंद! विलायती कापडाचे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे अशी तयारी झाली. आत्या घरी राहायच्या म्हणून रडल्या. मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांनी पाठवायचा शिपाई कोठेच दिसेना.

कपड्यांवरून बरी मुले वाटली म्हणून स्टेशनमास्तरने प्रथम चौकशी केली. जात कळताच त्यांचा चेहरा बदलला व ते बाजूला झाले. गाडीवाले बाटण्याच्या भीतीने बैलगाडी देईनात. अखेर दुप्पट भाडे ठरले, तेही अशा बोलीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बरोबरीने पायी चालायचे. आत्यांनी दिलेली शिदोरी बरोबर होती, पण पाणी नव्हते आणि पाण्यावाचून घास घशाखाली उतरेना. रात्री वाटेतल्या टोलनाक्यावर पाणी मागितले, तर तुमच्यासाठी येथे पाणी कोणी भरून ठेवले आहे, असे उलट विचारण्यात आले. चौघे मुलगे उपाशीच गाडीत निजले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कोरेगावला पोचले, तेव्हा वडील चकित झाले. मुलांचे पत्र आले होते. ते नोकराने सुभेदारांना दिलेच नव्हते. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहिली आहे. त्या दिवशी बापाच्या मनाचे काय झाले असेल ते त्यांनी लिहिलेले नाही. हजारो मजुरांच्या पगाराचा पैसा ज्याच्या हाती सरकार विश्वासाने देत होते, त्याच्या पोरांना वाटेत भांडेभर पाणी मिळाले नाही, एवढे मात्र कागदावर आहे.

सुभेदारांनी पुढे दुसरा विवाह केला. ही गोष्ट भीमरावांना मुळीच आवडली नाही. आईचे दागिने दुसरीच्या अंगावर पाहून ते फार दुखावले. वडिलांच्या अन्नावर राहायचे नाही, मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचे, असा बेत त्या पोराने केला आणि प्रवासखर्चासाठी आत्यांच्या कमरेची पिशवी लांबविण्याचा लागोपाठ तीन रात्री प्रयत्न केला. अखेर पिशवी हाती लागली तेव्हा आत निघाला अर्धा आणा. मुलगा शरमला. पळून जाण्याऐवजी अभ्यास करून लवकर स्वतःच्या पायावर उभे राहावे, असा निश्चय त्याने त्या रात्री केला. सुभेदारांचा हा दुसरा विवाह काहींना खटकतो. घरात लहान मुले, अधू बहीण आणि स्वतःची फिरतीची नोकरी असा त्यांचा प्रपंच होता हेही ध्यानात घ्यावयास हवे. मुलाचे दुःख खरेच होते. बापाची अडचणही खोटी नव्हती.

नोकरी सुटल्यावर १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस आले. परळ भागात डबक चाळीत एक खोली. तीच स्वयंपाकघर, तीच माजघर, तीच अभ्यासाची जागा. पेन्शन तेवढीच, मुंबईचे भाडे मात्र मुंबईचे. दोन मुलांना शिकविणे झेपेना. रामजींना निवड करावी लागली आणि आनंदरावांना शाळा सोडून कामावर जावे लागले. चरित्रांत या त्यागाला जेवढी जागा मिळावयास हवी तेवढी मिळालेली नाही. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले.

त्या खोलीतील व्यवस्था अशी. संध्याकाळी मुलाने लवकर निजायचे. उशाशी जाते, बाजूला बांधलेली शेळी. सुभेदार तोवर जागे राहात. रात्री दोन वाजता ते मुलाला उठवीत, दिव्याची काच साफ करून देत आणि मग स्वतः आडवे होत. मुलगा पहाटेपर्यंत वाची. पलटणीत पहाऱ्याची पाळी बदलते तशी ही पाळी बदले. मुलाला पुस्तकांचा नाद फार, अभ्यासाबाहेरच्या पुस्तकांचाही. नवे पुस्तक पाहिजे म्हणाला की सुभेदार पागोटे चढवून बाहेर पडत. खिशात पैसे नसले, आणि ते बहुधा नसतच, तर लग्न झालेल्या मुलींकडे जात. एकीकडे नाही मिळाले तर दुसरीकडे. रोकड नसली तर तिचा एखादा दागिना मागून आणीत, सावकाराकडे गहाण ठेवीत आणि पेन्शनचा दिवस आला की सोडवून परत करीत. मंजुळा आणि तुळसा या दोघी बहिणींचे दागिने असे किती वेळा सावकाराच्या पेटीत जाऊन आले, त्याची वही कोणी ठेवलेली नाही. भीमराव आणि त्यांच्या बंधूंना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले व फार्सी घ्यावी लागली. त्यावरही त्या घराने कुरकूर करून अभ्यास सोडला नाही.

भीमरावांनी इंग्रजी चौथीची परीक्षा पास केली तेव्हा समाजातील मंडळींना सत्कार करावासा वाटला. सुभेदारांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल. पास झाला एवढेच ना, असे त्यांचे म्हणणे. मंडळी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींकडे गेली. दादा केळुसकरांनी वाद घालून रामजींना राजी केले, सभेचे अध्यक्षस्थान स्वीकारले आणि मुलाला आपण लिहिलेले बुद्धचरित्र बक्षीस दिले. या पुस्तकाचे पुढे काय झाले हे १९५६ च्या ऑक्टोबर महिन्यात नागपुरास सर्व जगाने पाहिले. नको म्हणणाऱ्या बापाच्या दारातून ते पुस्तक घरात आले, ही एक गंमतच.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. कॉलेजचा खर्च पेन्शनीत बसणारा नव्हता. केळुसकरांच्या खटपटीने बडोद्याच्या श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. चा टप्पा पुरा झाला. १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास निघाले. तेथे मुलाला अपमान सोसावे लागतील या काळजीने सुभेदारांच्या मनातून त्यांना पाठवायचे नव्हते. काळजी खोटी नव्हती.

मुलाला जाऊन जेमतेम पंधरवडा झाला तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार बडोद्यास गेली. भीमराव मिळेल त्या गाडीने निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी बर्फी घ्यावी म्हणून खाली उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. पुढच्या गाडीने घरी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. सुभेदारांचे डोळे दाराकडे लागलेले होते. मुलगा जवळ येताच त्यांनी थरथरता हात त्याच्या पाठीवरून फिरविला, आणि थोड्याच वेळात त्यांनी प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. पेन्शन बंद झाली. डोक्यावर देणे होतेच.

त्याच वर्षी जुलैमध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. नंतर लंडनला रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी जो प्रबंध लिहिला, तो १९२३ साली ग्रंथरूपाने निघाला. त्याची अर्पणपत्रिका आईवडिलांच्या स्मृतीस आहे. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी जो त्याग केला व जी दृष्टी दाखविली, तिची कृतज्ञता तीत नोंदविलेली आहे. ग्रंथाचा विषय चलन, विनिमय आणि सरकारी तिजोरी असा. आणि पहिल्या पानावर नाव त्या सुभेदाराचे, ज्याने महिनाअखेरीस दागिने गहाण टाकून पुस्तके आणली होती.